बार्न बुक केलाय, लग्नाला यायचं हं!

लग्न ठरलं रे ठरलं की आपल्याकडे पेढ्याच्या आधी प्रश्न येतो, ‘हॉल कुठला?’ पुणेकर असाल तर पार्किंग आहे का, डोंबिवलीकर असाल तर स्टेशनपासून किती लांब, आणि दोघांच्याही डोक्यात एकच किडा, जेवण हॉलवाल्याचं की बाहेरचं? हॉल या विषयात आपण सगळे जन्मजात पीएचडी. पण समजा, उद्या तुमच्या घरातल्या मुलीने फोनवर सांगितलं, ‘हॉल-बिल नकोय, मला बार्नमध्ये लग्न करायचंय,’ तर? आणि पुण्यातल्या आजीने ‘बार्न म्हणजे काय गं?’ असं विचारल्यावर मावशीच्या तोंडून पटकन निघून गेलं, ‘गोठा!’, तर?

आमच्याकडे नेमकं हेच झालं. मुलगी म्हणजे माझी मावसबहीण, ताई. जन्म आणि शिक्षण न्यू जर्सीतलं, मराठी बोलते झक्कास, पण ‘ळ’ला अजूनही अडखळते. मुलगा पेनसिल्व्हेनियाचा, जर्मन वंशाच्या शेतकरी घरातला. आणि आजी ७८ वर्षांची, सदाशिव पेठेतली. तिचं पहिलं वाक्य ऐका, ‘तुझ्या आजोबांनी गाव सोडलं ते पोरं शेणातून बाहेर पडावीत म्हणून. आणि ही सात समुद्र ओलांडून परत गोठ्यातच?’

गेल्या वर्षी, म्हणजे २०२५च्या उन्हाळ्यात मी मावशीकडे एडिसनला होते. फ्रीलान्सर माणूस, लॅपटॉप असला की कुठेही ऑफिस! त्यामुळे दर वीकेण्डला गाडीत मागच्या सीटवर बसून ‘वेन्यू बघायला’ जायचं काम आपोआप माझ्याकडे आलं. फोटो काढायचे, टेपने मापं घ्यायची आणि मावशी आणि ताईच्या मध्ये बसायचं. यातलं तिसरं काम सगळ्यात अवघड होतं.

गोठा नव्हे, खळं!

आधी आजीसाठी आणि तुमच्यासाठी भाषांतर दुरुस्त करून घेऊ. बार्न म्हणजे नुसता गोठा नाही. खळं, कोठार आणि गोठा एकाच छपराखाली आले की होतो तो बार्न. पेनसिल्व्हेनियात स्वित्झर्लंड-जर्मनीकडून आलेल्या शेतकऱ्यांनी अठराव्या-एकोणिसाव्या शतकात जे बार्न बांधले, त्यांना ‘बँक बार्न’ म्हणतात. याचा पैशाच्या बँकेशी संबंध नाही. बँक म्हणजे उतार किंवा बांध. डोंगरउताराला पाठ टेकवून दुमजली इमारत उभी करायची. खालच्या अंगाने गुरं आत जाणार, वरच्या अंगाने, मातीच्या चढावरून, गवताने लादलेली गाडी थेट दुसऱ्या मजल्यावर. जिना नाही की लिफ्ट नाही. वरचा मजला खालच्यापेक्षा काही फूट पुढे आलेला, म्हणजे त्याच्याखाली गुरांना सावली आणि माणसांना पावसात उभं राहायला जागा. आहे की नाही भन्नाट डोकं?

त्या वरच्या मजल्याच्या मधोमध जाड फळ्यांची मोकळी जमीन असते. तिथे धान्य झोडपायचं. म्हणजे आपलं खळंच! फक्त आपलं खळं आभाळाखाली, शेणाने सारवलेलं, मध्ये तिवडा रोवलेला. यांचं छपराखाली, कारण तिकडची थंडी थांबत नाही. दोन्ही बाजूंना गवत रचायचे उंच कप्पे. आज जिथे नवरा-नवरी उभे राहतात ती हीच झोडपणीची जागा, आणि पाहुण्यांच्या खुर्च्या लागतात त्या गवताच्या कप्प्यांत. आजीला मी फोनवर ‘खळ्यावर लग्न आहे’ असं सांगितलं, तर ती जरा थांबली आणि म्हणाली, ‘मग तसं सांगा की.’

या बार्न वेडाचं मूळ काय? अमेरिकेत २००८च्या मंदीनंतर चकाचक बँक्वेट हॉलपेक्षा साधं, घरगुती, ‘रस्टिक’ लग्न कूल वाटायला लागलं. २०१०मध्ये पिंटरेस्ट आलं आणि मग विचारूच नका. लाकडी तुळया, पिवळ्या दिव्यांच्या माळा, गवताच्या गठ्ठ्यांची बसायची व्यवस्था आणि टेबलावर काचेच्या बरण्यांमध्ये रानफुलं. या बरण्यांचं पेटंट जॉन मेसन नावाच्या कारागिराने १८५८मध्ये घेतलं होतं, लोणची-मुरंब्यांसाठी. बिचाऱ्याला काय माहीत, दीडशे वर्षांनी लोक त्यातून लिंबू सरबत पितील आणि फोटो काढतील! माझं प्रामाणिक मत विचाराल तर या रस्टिक प्रकरणात बराच नाटकीपणा आहे. शेतीत ज्यांचे हात कधी मळले नाहीत त्यांना शेत फार सुंदर दिसतं. पण दुसरी बाजूही आहे. ट्रॅक्टर आणि गवताच्या मोठ्या गुंडाळ्या आल्यावर हे जुने बार्न रिकामे पडले. छप्पर एकदा गळायला लागलं की लाकूड कुजतं, आणि एवढं छप्पर बदलायचं तर शेतकऱ्याचं कंबरडं मोडतं. मग एक तर बार्न पाडून त्याच्या जुन्या तुळया फर्निचरवाल्यांना विकायच्या, नाही तर त्यात लग्नं लावायची. मला विचाराल तर लग्नं लावलेली बरी.

‘होम? इनडोअर?’

पहिला बार्न बघितला तो बक्स काउंटीत, न्यू होपच्या अलीकडे. एडिसनपासून तासाभराची ड्राइव्ह, डेलावेअर नदी ओलांडली की सगळं हिरवंगार. बार्न एकदम मॅगझिनमधला. पांढरा रंग, झुंबरं, ब्राइडल सुइट, कॉफी मशीन. व्यवस्थापक बाई अतिशय गोड. दोनशे पाहुणे? चालतील. शाकाहारी जेवण? चालेल. ढोल-ताशा? रात्री दहाच्या आत काहीही वाजवा. मग काकांनी खिशातून कागद काढला आणि विचारलं, ‘होमाचं काय?’

बाईंच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, फक्त डोळे बदलले. ‘म्हणजे खरी आग? आत?’

काकांनी मापं सांगितली. एवढंसं तांब्याचं कुंड, चार समिधा, तूप, लाह्या, पंधरा मिनिटं. बाईंनी तितक्याच गोड आवाजात सांगितलं की आमच्याकडे मेणबत्तीसुद्धा बॅटरीची असते. विषय संपला. परतीच्या वाटेवर गाडीत पूर्ण शांतता. मग मावशी म्हणाली, ‘अग्नीशिवाय सप्तपदी म्हणजे नुसता वॉक झाला.’ ताई खिडकीबाहेर बघत होती.

तुम्ही म्हणाल, पंधरा मिनिटांच्या होमाला एवढं काय? तर इथला फंडा समजून घ्या. शेतीची इमारत म्हणून बार्न उभा असतो तोवर त्याला बिल्डिंगच्या बऱ्याच नियमांतून सूट असते. पेनसिल्व्हेनियाच्या कायद्यात ‘शेतीची इमारत’ या शब्दांची व्याख्याच अशी आहे की सर्वसामान्य लोक जिथे जमतात ती जागा त्यात येत नाही. म्हणजे गवत ठेवा, गाई बांधा, हरकत नाही. पण पैसे घेऊन दीडशे माणसं आत घेतलीत की ते सभागृह झालं. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी ज्या आंतरराष्ट्रीय बिल्डिंग कोडचा आधार घेतात, त्यात खाण्यापिण्याच्या सभागृहात १०० किंवा जास्त माणसं असतील तर छतातून पाणी सोडणारे स्प्रिंकलर मागितले आहेत. पन्नास माणसं झाली की दारं बाहेरच्या बाजूला उघडणारी हवीत. आणि बार्नचं ते प्रसिद्ध सरकतं दार? फोटोला छान, पण घाबरलेली गर्दी दार ढकलते, सरकवत नाही. म्हणून शेजारी साधं, बाहेर उघडणारं दार वेगळं करावं लागतं. शंभर-दीडशे वर्षं वाळलेलं लाकूड, फटीफटीत गवताचा भुसा, वर उंच छप्पर. ठिणगी पडली तर वारा खालून वर धुराड्यासारखा चालतो. हे सगळं ऐकल्यावर मलाच आतल्या होमाची भीती वाटायला लागली.

दुसऱ्या जागेने ‘नो प्रॉब्लेम, करा की’ असं लगेच सांगितलं. तिथे स्प्रिंकलर नव्हते, दुसरं दार नव्हतं आणि मी परवान्याबद्दल विचारल्यावर मालकाने विषय बदलून आम्हाला बदकं दाखवली. ती जागा आम्हीच सोडली. बार्न बघायला जाल तेव्हा ‘आत किती माणसांची परवानगी आहे ते दाखवा’ हा प्रश्न आधी विचारा आणि झुंबरं नंतर बघा.

पंचांग विरुद्ध पेनसिल्व्हेनिया

आता तारखेची गंमत. बार्नचा सीझन मे ते ऑक्टोबर. कारण बहुतेक बार्नना हीटिंग नाही आणि भिंतीच्या फळ्यांमधून थंडी थेट आत येते. आणि आपला सीझन? आषाढी एकादशीला चातुर्मास लागला की थेट तुळशीचं लग्न होईपर्यंत आपल्याकडे शांतता. म्हणजे बार्नचे हवेचे सगळ्यात सुंदर महिने, नेमके तेच आपल्याला बाद! उरले मे-जून. त्यात अधिक महिना आला तर बघायलाच नको. २०२६चंच घ्या, १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ. वर शनिवारच हवा, कारण पाहुण्यांना सुट्टी. आणि चांगल्या बार्नचे शनिवार वर्ष-दीड वर्ष आधी संपलेले.

मावशीने एक रात्र पंचांग, एक्सेल शीट आणि चहा यांच्यासोबत काढली. सकाळी ती खाली आली ती जिंकल्यासारखी. २ ऑक्टोबर २०२५, गुरुवार, दसरा! साडेतीन मुहूर्तांपैकी एक पूर्ण मुहूर्त. चातुर्मास असला तरी दसऱ्याला नाही म्हणायची कुणाची हिंमत? आजीने फोनवर दहा सेकंद घेतले आणि ‘चालेल’ म्हणाली. गुरुवार असल्यामुळे भाडं शनिवारच्या जवळजवळ निम्मं. तोटा एकच, सगळ्यांना सुट्टी टाकावी लागणार. ताईने दीडशेच्या यादीला कात्री लावून १२० केली. ‘ज्याला यायचंय तो रजा टाकेल,’ ती म्हणाली. ऑफिसातल्या माणसांचं खरं प्रेम मोजायची ही पद्धत मला जाम आवडली.

आणि गुरुवारच्या लग्नाला पेनसिल्व्हेनियात कुणी नाक मुरडत नाही. कारण लँकेस्टर काउंटीतले आमिश लोक परंपरेने मंगळवारी किंवा गुरुवारीच लग्न करतात! घोडागाडीतून फिरणारे, घरात वायरची वीज न घेणारे हे लोक हॅरिसन फोर्डच्या १९८५च्या ‘विटनेस’ सिनेमात तुम्ही बघितले असतील. सगळ्या गावाने मिळून एका दिवसात बार्न उभा करायचा तो सीन आठवतोय? तेच. त्यांची लग्नं पीक घरात आल्यावर, मुख्यतः ऑक्टोबरअखेर ते डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत, मुलीच्या घरी. पाहुणे तीन-चारशे सहज. टेबलावर फुलांच्या जागी सेलरीच्या जुड्या ठेवलेल्या, जेवणातही सेलरी. एखाद्या घरी सेलरीचे वाफे जास्त दिसले की शेजारी ओळखतात, यांच्याकडे लगीनघाई आहे. आपल्याकडे दारात गव्हाची पोती दिसली की ओळखतात ना, तसंच. एक मात्र लक्षात ठेवा. त्यांचे चेहऱ्याचे फोटो काढायचे नाहीत, त्यांना ते रुचत नाही.

लँकेस्टरचा बार्न

तिसरा बार्न नवऱ्या मुलानेच शोधला, त्याच्या गावाजवळ. एडिसनहून निघायचं, पेनसिल्व्हेनिया टर्नपाइक घ्यायचा आणि मॉर्गनटाउनला खाली उतरायचं. तिथून पुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर गेलेला मका, मध्येच तंबाखूची शेतं, मधूनच टप-टप करत जाणारी काळी घोडागाडी. रस्त्यालगत मुलं भोपळे घेऊन बसलेली, पैसे टाकायला एक डबा. बर्ड-इन-हँड, पॅरडाइज अशी गावांची नावं. अडीच तास लागले, पण एकाने कुरकुर केली नाही.

बार्न साधा. पायथ्याला चुनखडीच्या दगडांच्या भिंती, त्यात हवेसाठी उभ्या चिरा. वर लाकूड. मालक साठीचे, अजून शेती करणारे, खालच्या मजल्यावर आता गाई नाहीत तर स्वच्छतागृहं आणि सामानाची खोली. आणि स्प्रिंकलरचे लाल पाइप उघडे दिसत होते! ताईला ते फोटोत नको होते. मावशी मात्र त्या पाइपांकडे दागिन्यांसारखी बघत होती.

मालकांनी टॉर्च घेतला आणि एका सांध्यावर प्रकाश टाकला. जुन्या तुळया खिळ्यांनी जोडलेल्या नाहीत. एकीला खाच, दुसरीला जीभ, आणि आरपार लाकडी खुंटी. प्रत्येक जोड हाताने तासलेला, त्यामुळे एका खाचेत दुसरी जीभ बसायची नाही. म्हणून सुतार जमिनीवर जोड्या जुळवून दोन्ही तुकड्यांवर छिन्नीने सारखाच रोमन आकडा कोरायचे आणि मग उभारणीच्या दिवशी आकडे बघून बसवायचे. या खुणांना ते काय म्हणतात, माहितीय? ‘मॅरेज मार्क्स’! ताईने सात आकड्याचा जोड शोधून काढला. सप्तपदीचा फोटो तिथेच, हे तिथल्या तिथे ठरलं. काही तुळया चेस्टनटच्या होत्या. हे झाड आता अमेरिकेच्या जंगलात मोठं होतच नाही. १९०४मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्स झूमध्ये एक बुरशी दिसली आणि पुढच्या काही दशकांत तिने कोट्यवधी झाडं संपवली. म्हणजे तसा बार्न आज पैसे ओतूनही बांधता येणार नाही.

होमाची गोष्ट मालकांकडे काढली, तेव्हा ते म्हणाले, ‘आधी त्याच्या आजीशी बोला.’

दोन आज्या, एक अग्नी

नवऱ्या मुलाची आजी गावातच राहते. ८१ वर्षांची, काटक, पांढरे आखूड केस. तिने आम्हाला पाय दिला, म्हणजे सफरचंदाचा पाय, आणि मग सांगितलं. त्यांचाही बार्न होता. एका ऑगस्टमध्ये गवत नीट वाळायच्या आधीच पाऊस येईल म्हणून रचून टाकलं. ओलसर गवत दाबून ठेवलं की आतून आपोआप तापत जातं, आणि आठवड्या-दोन आठवड्यांनी, बाहेर काडीही ओढलेली नसताना, पेट घेतं. रात्री पेटलं. गाई निघाल्या, चार राहिल्या. त्यानंतर तिच्या नवऱ्याने दूध-धंदा बंद केला आणि जमीन विकली. ‘मला तुमच्या देवाबद्दल काही म्हणायचं नाही,’ ती म्हणाली, ‘पण बार्नमध्ये आग मी बघणार नाही. मी लग्नाला येणार नाही.’

आता बोला! इकडे सदाशिव पेठेतली आजी म्हणते अग्नीच्या साक्षीशिवाय लग्न नाही, तिकडे लँकेस्टरची आजी म्हणते आग असेल तर मी नाही. ताई त्या रात्री रडली. कोर्टात जाऊन सही करून येतो, असंही एकदा म्हणाली. लग्न मोडायची वेळ नव्हती, पण दोनपैकी एक खुर्ची रिकामी राहणार हे दिसत होतं.

वाट काढली ती गुरुजींनी. न्यू जर्सीतले गुरुजी, दिवसा आयटीत, वीकेण्डला पौरोहित्य. त्यांनी फोनवर शांतपणे विचारलं, ‘मुहूर्त कशाचा असतो? मंगलाष्टकांचा. अंतरपाट दूर होतो त्या क्षणाचा. होम नंतर. मग अंतरपाट आत धरू, होम बाहेर आभाळाखाली करू. शास्त्राला छप्पर लागत नाही.’ मावशीने विचारलं, ‘मांडव तरी घालू बाहेर?’ तर तोही नाही, कारण कापडी तंबूत उघडी ज्योत अग्निशमनवाले चालवून घेत नाहीत. ‘आणि पाऊस आला तर?’ गुरुजी म्हणाले, ‘थांबू. मुहूर्त होऊन गेलेला असेल. काय घाई आहे?’

टाउनशिपच्या फायर मार्शलना पत्र गेलं. सोबत कुंडाचा फोटो, मापं आणि काकांनी काढलेला नकाशा. काका सिव्हिल इंजिनीअर आहेत हे त्या नकाशावरून जगाला कळलं असतं. उघड्यावरच्या छोट्या शेकोटीला इमारतीपासून २५ फूट अंतर हवं, असं फायर कोडचं माप आहे. काकांनी ४० फूट ठेवलं. खाली खडी, कुंडाखाली विटा, बाजूला अग्निशामक आणि पाण्याच्या दोन बादल्या, राख झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात. परवानगी आली. तरी खरी परवानगी दुसरीकडून यायची होती. लग्नाच्या आदल्या दिवशी लँकेस्टरची आजी स्वतः आली, बार्नच्या भिंतीपासून कुंडापर्यंत पावलं मोजत चालत गेली, वाऱ्याची दिशा बघितली आणि विटा दहा पावलं अजून लांब सरकवायला लावल्या. काकांनी चुपचाप सरकवल्या.

पंगत, पत्रं आणि सही

जेवणाबद्दल थोडक्यात, कारण लिहायला बसले तर भूक लागेल. बार्नमधल्या किचनमध्ये फक्त गरम करायची सोय, तळण बिलकूल नाही. म्हणजे गरम पुऱ्या आणि भजी बाद. एडिसनच्या ओक ट्री रोडवरच्या दुकानातून फ्रोझन केळीची पानं आली. मसालेभात, अळूचं फतफतं, मठ्ठा, जिलबी. शेतातली ती लांबच लांब लाकडी टेबलं पंगतीला इतकी फिट्ट बसली की जणू त्यासाठीच केली होती. दारू हवी असणाऱ्यांची सोय वेगळ्या टेबलावर. जागेकडे परवाना नसेल तर बाटल्या आपण आणायच्या आणि पेनसिल्व्हेनियात वाइन-व्हिस्की मुख्यतः सरकारी दुकानांतूनच घ्यायची. आपल्याकडच्या सरकारी दुकानाच्या कल्पनेपेक्षा ती फारच देखणी निघाली.

कायदेशीर लग्नाचं एक भन्नाट प्रकरण. न्यू जर्सीत राहत असलात तरी लग्न पेनसिल्व्हेनियात, तर लायसन्स पेनसिल्व्हेनियाचंच लागतं. अर्ज केल्यावर तीन दिवस थांबा, मग ते ६० दिवस चालतं. कुणाकडून लग्न लावायचं, यावर तिथे वाद झालेत. ऑनलाइन पुरोहित झालेल्या माणसाने लावलेलं एक लग्न २००७मध्ये यॉर्क काउंटीच्या कोर्टाने ग्राह्य धरलं नव्हतं. ताईने सरळ ‘सेल्फ-युनायटिंग’ लायसन्स घेतलं. क्वेकर पंथात लग्न लावायला पाद्री नसतो. ज्याने हे राज्य वसवलं तो विल्यम पेन क्वेकरच होता, त्यामुळे ही पद्धत तिथे रुजलेली. नवरा-नवरीने सही करायची आणि दोन साक्षीदारांनी. साक्षीदार कोण, हे तुम्ही ओळखलंच असेल.

दसऱ्याच्या दिवशी हवा कोरडी होती, सकाळी स्वेटर आणि दुपारी ऊन. मातीच्या चढावरून आजीची व्हीलचेअर थेट वरच्या मजल्यावर गेली, पूर्वी गवताची गाडी जायची तशी. अंतरपाट दूर झाला, अक्षता पडल्या. मग सगळी वरात बाहेर, खडीवर. आपटा कुठून आणणार? मावशीने अंगणातल्या रेडबडची पानं आणली होती. ही झाडं पेनसिल्व्हेनियाच्या रानात आपोआप येतात, आपट्याच्या कुळातलीच आहेत आणि ऑक्टोबरात त्यांची पानं पिवळी पडतात. सोनं म्हणून याहून काय हवं? लाह्या होमात पडल्या तेव्हा तडतड आवाज झाला. पुढच्या रांगेत लँकेस्टरची आजी बसली होती, पायाशी एक बादली, हात तिच्या कडीवर. धूर मक्याच्या शेताकडे गेला. सातवं पाऊल पडेपर्यंत तिने कडी सोडली नाही, आणि होम शांत झाल्यावर पाणी ओतायचं काम तिनेच मागून घेतलं. आमच्या आजीने आधी कुंडाला नमस्कार केला आणि मग मान हलवून हो म्हटलं.

दुपारी पंगतीच्या टेबलावरच लायसन्सवर सह्या झाल्या. एक इंग्रजीत, एक मराठीत. सदाशिव पेठेच्या आजीने पूर्ण नाव लिहिलं, वरची रेघ ओढायला चांगला अर्धा मिनिट घेतला आणि पेन परत करताना मला हळूच विचारलं, ‘ती खाली पडलेली अक्षता झाडणार कोण?’ कारण करारात तांदूळ उधळायला वेगळा सफाई चार्ज होता! मालकांनी हसून खाली बोट दाखवलं. वरच्या फळ्यांच्या फटींतून अर्धे तांदूळ थेट खालच्या मजल्यावर गळले होते, आणि तिथे त्यांच्या कोंबड्या कधीच कामाला लागल्या होत्या.

जायचंय?

लँकेस्टरला जायला लग्नच हवं असं नाही. न्यूयॉर्कच्या पेन स्टेशनवरून नेवार्क-फिलाडेल्फियामार्गे अॅमट्रॅकची कीस्टोन ट्रेन थेट जाते, साधारण तीन तास. शहरातलं सेंट्रल मार्केट मंगळवार, शुक्रवार आणि शनिवारी भरतं, तिथे पोट रिकामं ठेवून जा. आमिश गावं बघायला ३४० नंबरचा जुना फिलाडेल्फिया रस्ता घ्या, मात्र रविवारी त्यांची दुकानं बंद असतात. ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा हवेला बेस्ट, पण हॉटेलं तेव्हाच महाग. बार्न भाड्याने घ्यायचाच असेल तर भाड्यात काय काय येतं ते लिहून घ्या: खुर्च्या, टॉयलेट, जनरेटर, विमा आणि रात्री नेमके किती वाजता दिवे बंद. आणि होम करायचा असेल तर ते पहिल्याच फोनवर सांगून टाका.